नाताळात आई-बाबांना घेऊन: फिफ्थ अव्हेन्यूचं मेट की क्लॉइस्टर्स?

डिसेंबरात आई-बाबा न्यू जर्सीला आलेले असतात, मुलांना शाळेला सुट्टी असते आणि रॉकफेलर सेंटरचं झाड गर्दीत चेंगरून बघून झालेलं असतं. मग कुणीतरी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाचं, म्हणजे मेटचं, नाव काढतं. मेटच्या जागा दोन: एक सेंट्रल पार्कला लागून फिफ्थ अव्हेन्यूवर, दुसरी मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला, फोर्ट ट्रायन पार्कातलं क्लॉइस्टर्स. एका तिकिटात त्याच दिवशी दोन्ही बघता येतात. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर या मोहात पडू नका, एकच निवडा.

नाताळ हेच निमित्त असेल तर हुकमाचा एक्का फिफ्थ अव्हेन्यूकडे आहे. मध्ययुगीन शिल्पांच्या दालनात साधारण २० फुटी झाड उभं करतात, फांद्यांवर देवदूत आणि बुंध्याशी १८व्या शतकातल्या नेपल्सचा येशूजन्माचा बाहुल्यांचा गोठा. बाळ येशू, मरिया, योसेफ आहेतच, पण खरी मजा भोवतालच्या गर्दीत आहे: मेंढपाळ, बाजारहाट करणारी माणसं, गाईगुरं, पूर्वेकडून आलेले राजे आणि त्यांचा लवाजमा. बाहुल्यांची डोकी भाजलेल्या मातीची, हातपाय लाकडाचे आणि धड तारेवर ताग गुंडाळून केलेलं, म्हणून त्यांना हवं तसं वाकवता येतं. गणपतीच्या देखाव्यासाठी ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना इथे काही समजावून सांगावं लागत नाही. माझ्या सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "यांच्या कपड्यांवरची धूळ कोण झटकतं?"

तिथून पुढे मुलांना घोड्यांवरच्या चिलखतांकडे न्या. इजिप्तमधून दगड दगड सुटा करून आणलेलं देंडूरचं देऊळही दाखवा. आई-बाबांसाठी वरच्या मजल्यावर गुजरातेतल्या पाटणचा १६व्या शतकातला लाकडी जैन मंडप आहे. एवढं पुरे. सगळं बघायचं ठरवलंत तर संध्याकाळी घरात कुणी कुणाशी बोलणार नाही.

नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात इथे तुफान गर्दी असते. शुक्रवारी-शनिवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं, तेव्हा संध्याकाळी जा. फोटोतल्या त्या प्रसिद्ध पायऱ्या सोडा. ८१व्या रस्त्याजवळचं दार रस्त्याच्या पातळीवर आहे आणि व्हीलचेअर फुकट मिळते.

क्लॉइस्टर्सचा स्वभाव वेगळा. युरोपातल्या जुन्या मठांचे खांब, कमानी आणून बांधलेली ही वास्तू १९३८ साली उघडली. गोठ्यासारखा देखावा इथे नाही. डिसेंबरात कमानींवर आयव्ही, सफरचंदं, हेझलनट यांची तोरणं चढतात, बस. पण शांतता आहे आणि एकशिंगी घोड्याच्या शिकारीची चित्रं विणलेले, भिंतीवर टांगलेले गालिचे आहेत. कुंपणात बसलेल्या त्या पांढऱ्या जनावरासमोरून आमची सात वर्षांची मुलगी हलेना. रोबेर कांपँच्या कार्यशाळेतलं एक छोटं तीन फळ्यांचं चित्रही चुकवू नका: मधल्या फळीत मरियेकडे देवदूत आलाय आणि उजवीकडे योसेफ आपल्या सुतारकामात गुंग, उंदराचे सापळे बनवतोय. बाहेर हडसन नदी आणि पलीकडचे कडे दिसतात. ते कडे आपल्या जर्सीचेच. नजारा बिघडू नये म्हणून या वास्तूला पैसे पुरवणाऱ्या धनाढ्य रॉकफेलरने तिकडची जमीनसुद्धा विकत घेऊन ठेवली होती.

अडचण थंडीची आणि चढाची. सबवेतून उतरल्यावर बागेतून दहा-एक मिनिटं वाऱ्यात चालायचं, आत काही ठिकाणी पायऱ्या. खाण्याचाही भरवसा धरू नका. पोळीचे रोल गाडीत ठेवा. अंधार साडेचारलाच पडतो, म्हणून सकाळीच निघा. गाडी असेल तर मात्र जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून हे अगदी जवळ पडतं.

पैशाचं गणित दोन्हीकडे सारखंच: मोठ्यांना ३० डॉलर, ६५ च्या पुढच्यांना २२, बारा वर्षांखालच्यांना फुकट. म्हणजे आई-बाबा, तुम्ही दोघं आणि एक लहान मूल मिळून १०४. "हवे तेवढे द्या" ही सवलत न्यू यॉर्क राज्यातल्या रहिवाशांना आहे. जर्सीवाल्यांत फक्त विद्यार्थ्यांना. बुधवारी, २५ डिसेंबरला आणि १ जानेवारीला दोन्ही बंद.

आई-बाबांची पहिलीच खेप असेल तर मी डोळे मिटून फिफ्थ अव्हेन्यू म्हणेन. दुसऱ्या खेपेला क्लॉइस्टर्स, आणि गाडी नसेल तर एम-४ बसने. मिडटाउन मॅनहॅटनमधून निघालेली ही बस मॅडिसन अव्हेन्यूने वर जात थेट क्लॉइस्टर्सपाशी पोचते. वेळ भरपूर खाते, पण बाबांना खिडकी मिळाली की त्यांची काही तक्रार नसते.