टी-शर्टचं माप घेतलं, गोळी कुठली खाता ते विचारलंच नाही

पाचपैकी अडीच तारे देतोय. दोन जिममधल्या सामानाला आणि शिकवणाऱ्या पोराला, अर्धा काउंटरवरच्या मुलीला. डाएट चार्टला शून्य. जिमचं नाव घालत नाही, कारण भांडण करायचं नाहीये आणि मी अजून तिथंच जातो. कोल्हापुरातलं आहे, एवढं पुरे.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो. वय ४७, उंची पाच फूट सहा इंच, वजन ९१.४. चार वर्षांपासून बीपीची गोळी चालू. मार्चअखेरचं स्टॉक टेकिंग झालं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नाव घातलं. ९० दिवसांचं पॅकेज, १३,५०० रुपये, एकरकमी. त्यात जिम, स्टीम, आठवड्यातून तीन दिवस ट्रेनर, व्हॉट्सअ‍ॅपवर डाएट चार्ट, एक शेकर बाटली आणि एक टी-शर्ट. फॉर्म भरून घेतला. नाव, मोबाईल, जन्मतारीख, टी-शर्टचा साईज, आणि 'आधीचा-नंतरचा' फोटो इन्स्टाग्रामवर टाकला तर चालेल का. झालं, फॉर्म संपला. मीही आपणहून काही बोललो नाही, ती माझी चूक. पण सिमेंटच्या दुकानात गेलेला माणूस आपली बीपी सांगत बसत नाही, आणि त्या काउंटरवर मला तसंच वाटलं होतं.

आधी चांगलं सांगतो. सामान खरंच उत्तम. डंबेल जोडीनं जागेवर असतात, ट्रेडमिल सहा आणि सहाही चालू, खाली रबरी मॅट, पंखे भरपूर. सकाळी सहाला गाणी एवढ्या जोरात का लावतात ते मात्र कळलं नाही. ट्रेनर चोवीस-पंचवीसचा असेल. बैठका मारताना माझा डावा गुडघा आत वळतो हे त्यानं दुसऱ्याच दिवशी पकडलं आणि पायाचे पंजे जरा बाहेर काढायला लावले. चार वर्षं जिना चढताना दुखणारा गुडघा हळूहळू गप्प बसला. पोरगं कामाचं आहे. फक्त वजनाच्या काट्यापुढं त्याचं डोकं चालत नाही.

आता चार्ट. सकाळी साडेपाचला लिंबूपाणी, बिनसाखरेचं, बिनमिठाचं. मग काळी कॉफी आणि थेट व्यायाम. नऊला तीन अंड्यांचं पांढरं आणि काकडी. दुपारी उकडलेलं चिकन १०० ग्रॅम, वाटीभर दही, कोशिंबीर. पाचला सहा बदाम. साडेसातला वाटीभर सूप आणि १०० ग्रॅम पनीर. भात, भाकरी, चपाती, गूळ, फळं बंद. मीठ 'शक्यतो बंद'. बायकोनं चार्ट वाचला आणि एवढंच म्हणाली, "अहो, ह्याच्यापेक्षा संकष्टी बरी. रात्री मोदक तरी मिळतो."

नंतर एका अ‍ॅपमध्ये सगळं घालून बघितलं, तर दिवसाला सातशेच्या आसपास कॅलरी भरल्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २,११० धरल्या आहेत. मी ९१ किलोचा, आणि वर सकाळी तासभर व्यायाम. आठशेच्या खालचा आहार डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचा असतो, हेही मागाहून कळलं. बरं, हाच चार्ट माझ्याबरोबर नाव घातलेल्या सगळ्यांच्या फोनवर होता. फक्त वरचं नाव वेगळं. आमच्यातल्या एका शाकाहारी बाईंच्या चार्टमध्येसुद्धा चिकन होतं.

तरी सहा दिवस इमानेइतबारे केलं. सहाव्या दिवशी काटा ८८.२ वर. तीन किलो दोनशे ग्रॅम! ट्रेनरनं सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, माझा अंगठा वर केलेला फोटो काढला. आणि लगेच बर्पी घ्यायला लावल्या. बर्पी म्हणजे खाली हात टेकून पाय मागं टाकायचे, परत गोळा करायचे आणि उडी मारून उभं राहायचं. सातवीला उभा राहिलो आणि समोरच्या आरशातला मी कडेनं काळा होत गेलो. आधी कडा गेल्या, मग मधलं. कानात कुकरची शिट्टी व्हायच्या आधीचा आवाज असतो तसा सूं सूं. हाताला बार लागला म्हणून पडलो नाही. पोरगं धावत आलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणालं, "सर, घाबरू नका, बॉडी डिटॉक्स होतीय. पहिल्या आठवड्यात होतं सगळ्यांना." आणि मला काळी कॉफी दिली. वर दहा मिनिटं स्टीम घ्यायला पाठवलं, अंग मोकळं होतं म्हणून. स्टीमच्या दारातून बाहेर पडताना परत तेच. या वेळी भिंत धरली.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाथरूममधल्या पाटावरून उठलो आणि बादलीसकट खाली. लागलं फारसं नाही, कोपर खरचटलं. आवाज ऐकून बायको आली ती साखरेचा डबा घेऊनच. तिला वाटलं साखर उतरली. शेजारच्या काकांकडनं ग्लुकोमीटर आणला, चमचाभर साखर तोंडात जायच्या आधी बोट टोचलं, ८४ निघाली. म्हणजे साखर जागेवर होती, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली.

राजारामपुरीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घर फिरतंय, का डोळ्यापुढं अंधारी येतीय?" आपण दोन्हीला चक्करच म्हणतो. भोवळ म्हणतो, घेरी म्हणतो, सगळं एकाच पोत्यात. घर गरगर फिरत असेल तर ते आधी कानाकडं बघतात. उठताना अंधारी येत असेल तर बीपीकडं. माझी अंधारी. मग त्यांनी पाच मिनिटं आडवं झोपवलं आणि बीपी घेतली. ११६/७४. "बघा, उत्तम," मी म्हणालो. त्यांनी उभं केलं आणि थांबायला सांगितलं. तीन मिनिटांच्या आत ९२/६०, आणि नाडी ७४ वरून १०६. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २०नं किंवा खालचा १०नं उतरला तर ती उभं राहण्यानं पडणारी बीपी. त्याच दिवशी रक्त घेतलं, सोडियम १३१ आलं. १३५ ते १४५ असावं लागतं.

मग त्यांनी माझी गोळी हातात धरून समजावलं. माझ्या गोळीत दोन औषधं आहेत, टेल्मिसार्टन आणि त्याच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाईड. दुसरं औषध लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतं. त्यात मी भाकरी-भात सोडला. शरीरानं यकृतात आणि स्नायूंत साठवलेली जी साखर असते तिच्या दर ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. ती साखर वापरून संपली की ते पाणीही गेलं. पिठूळ खाणं बंद झालं की रक्तातलं इन्शुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं आणखी मीठ सोडून देतात. वरून खाण्यातलं मीठ मी स्वतः बंद केलेलं. एप्रिलचं ऊन, व्यायामाचा घाम, आणि शेवटी स्टीम, जिच्यात कातडीच्या नसा सैल पडून रक्त तिकडं धावतं. "चार नळ एकदम सोडले तुम्ही, आणि टाकीत पाणी नाही म्हणून पंपाला दोष देताय," डॉक्टर म्हणाले. ज्या तीन किलोंसाठी टाळ्या वाजल्या होत्या त्यात बराचसा भाग पाणी होता. त्याचा पुरावाही मिळाला. भाकरी चालू केल्यावर चार दिवसांत काटा परत ८९.९ वर.

त्यांनी गोळी बदलून लघवीच्या औषधाशिवायची दिली. मीठ पहिल्यासारखं करायला लावलं, सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहायला लावली, आणि पंधरा दिवस जिम बंद. निघताना दोनदा बजावलं की हे वाचून-ऐकून कुणी आपली आपण गोळी बंद करायची नाही. तेच मीही इथं लिहितो.

माझे मामा गंगावेश तालमीत घुमलेले. रोजच्या जोर-बैठका झाल्या की थंडाई, दूध, बदाम, केळी. त्यांच्या वस्तादाला कॅलरी शब्द माहीत नसेल, पण नव्या पोराला पहिल्या दिवशी किती जोर घालायचे आणि त्याच्या घरात दूधदुभतं आहे का, हे तो विचारायचा म्हणे. असो.

फी परत मागायला गेलो नाही, पावतीच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरांत 'परत मिळणार नाही' छापलंय. पंधरा दिवस सदस्यत्व थांबवायचे ५०० रुपये घेतले. हे मला पटलं नाही, पडलो त्यांच्या चार्टनं. पण काउंटरवरच्या मुलीनं तोंड वाकडं न करता तारखा पुढं सरकवून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी 'सर, बरं वाटतंय का' म्हणून मेसेजही केला. अर्धा तारा त्याचा.

आता संध्याकाळी जातो, सहाला अर्धी भाकरी आणि पिठलं खाऊन. ट्रेडमिलवरून एकदम उतरत नाही, शेवटची पाच मिनिटं हळू चालतो. चालताना पोटऱ्या दाबून रक्त वर ढकलत असतात, झटक्यात थांबलं की ते पायातच साचतं. स्टीमच्या दाराकडं बघतही नाही. ९० दिवस भरले तेव्हा वजन ८६.१ होतं. पोस्टरवर लावण्याजोगं नाही, पण पँटचं एक बटण सुटं झालं.

कुणी हे पॅकेज घेणार असेल तर जिम घ्या, गुडघे त्या पोराच्या ताब्यात बिनधास्त द्या. चार्ट मात्र उघडण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा, गोळ्यांच्या पाकिटासकट.

एक राहिलं. पंधरा दिवसांनी परत गेलो तेव्हा काउंटरवर म्हणालो, तुमच्याकडं तब्येतीचा काही फॉर्म असायला पाहिजे. मुलीनं खालचा ड्रॉवर ओढला आणि झेरॉक्सचा गठ्ठाच काढला. रबर बँडसुद्धा सोडलेला नव्हता. 'पार-क्यू' नावाचा एक पानी कागद, कॅनडात तयार झालेला, जगभर वापरतात. सात प्रश्न, हो किंवा नाही. एक प्रश्न असा की चक्कर येऊन तोल जातो का, किंवा कधी शुद्ध हरपली आहे का. दुसरा असा की बीपीसाठी किंवा हृदयासाठी डॉक्टरांनी औषध दिलं आहे का, आणि उदाहरण म्हणून कंसात लघवीच्या गोळ्या लिहिलेल्या. मी काउंटरवर उभ्या उभ्या भरला. दोन ठिकाणी 'हो' केलं, खाली सही केली.

मुलगी कागद उलटसुलट बघत म्हणाली, "सर, तारीख अ‍ॅडमिशनची टाकता का? फाइलला लावायला बरं पडेल."

मी फॉर्म भरला त्या दिवशीचीच टाकली.