राज्याचं आरोग्य मोजायचंय, मग पट्टी कोणती घ्यायची?

येत्या दहा वर्षांत लोकांचं आरोग्य आणि एकूण जगणं सुधारायचं असं एखाद्या राज्याने ठरवलं, की पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो: सुधारलं हे कळणार कशावरून? पर्याय पाच दिसतात. मृत्यूंची नोंद, घरोघरचं सर्वेक्षण, दवाखान्यांकडून येणारे मासिक अहवाल, लोकांनाच विचारलेले समाधानाचे प्रश्न, आणि या सगळ्यांची मोट बांधून केलेला निर्देशांक. सगळंच नीट करायला पैसा आणि माणसं कुठेही पुरत नाहीत, त्यामुळे निवडावं लागतं. ज्यांच्यावर ही निवड करायची वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा कल आधीच सांगतो: पहिला पैसा मृत्यू आणि त्याचं कारण नीट नोंदवण्यावर लावा, निर्देशांकाचं काम सगळ्यात शेवटी हाती घ्या.

मृत्यूची नोंद

माणूस आजारी होता की नव्हता यावर वाद होऊ शकतो, तो गेला की नाही यावर होत नाही. या पट्टीचं बळ एवढ्यातच आहे. २०२० साली भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. केरळमध्ये हा आकडा ६ होता आणि मध्य प्रदेशात ४३. एकाच देशात, एकाच वर्षी सात पटींचा फरक. असा आकडा समोर आला की कुठे धावायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण नुसती मोजणी पुरत नाही, कारण लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात ‘हृदयक्रिया बंद पडली’ असं लिहिलेलं असतं. ते प्रत्येकच मृत्यूबद्दल खरं आहे, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. बाईला वीस वर्षं मधुमेह होता, त्यातून मूत्रपिंडं निकामी झाली, शेवटी हृदय थांबलं. राज्याच्या कामाची ओळ यातली पहिली आहे, कागदावर मात्र शेवटची उरते. दाखला भरणाऱ्या डॉक्टरांना ही साखळी मुळापासून लिहायला शिकवणं हे आरोग्य खात्याच्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कामांपैकी एक आहे.

जिथे बरेच मृत्यू घरीच होतात, तिथे काय करायचं? भारताची नमुना नोंदणी पद्धत, जिला सगळे एसआरएस म्हणतात, याचं चांगलं उत्तर देते. निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत एक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस, पहिल्याची यादी न बघता, घरोघर जाऊन आपली स्वतंत्र यादी करतो. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवतात आणि जे नाव एकीत आहे आणि दुसरीत नाही, त्यासाठी पुन्हा त्या घरी जातात. काम कंटाळवाणं आहे, पण १९६९-७० पासून देशभर चालू आहे आणि आजही भारताच्या अर्भक मृत्युदराचा मुख्य आधार तेच आहे.

कारण शोधण्यासाठी याच घरांत ‘व्हर्बल ऑटोप्सी’ होते. गेलेल्या माणसाच्या जवळच्यांसमोर बसून विचारायचं: ताप किती दिवस होता? थंडी वाजून येत होता का? अंगावर सूज होती? शेवटच्या दिवशी ओळखत होते का? उत्तरं देणाऱ्याचा आवाज मध्येच थांबतो, विचारणाऱ्यालाही थांबावं लागतं. हा कागद पुढे दोन डॉक्टर वेगवेगळे वाचतात आणि कारण ठरवतात. २०१० मध्ये याच पद्धतीवर आधारलेल्या एका अभ्यासाने भारतात सत्तरीच्या आतले वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार मृत्यू मलेरियाचे असावेत असा अंदाज मांडला. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज सुमारे १५ हजारांचा होता. मोठा वाद झाला, कारण नुसत्या तापाच्या वर्णनावरून मलेरिया ओळखणं कठीण. या पद्धतीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही या एका उदाहरणात दिसतात: दवाखान्यापर्यंत न पोचलेले मृत्यू ती उजेडात आणते, पण एकसारख्या लक्षणांच्या आजारांत तिची गल्लत होऊ शकते.

लहान भागांसाठी एक धोका लक्षात ठेवा. समजा एखाद्या तालुक्याएवढ्या भागात वर्षाला दोन हजार बाळं जन्मतात आणि दर हजारी १५ दगावतात, म्हणजे तीस. पुढच्या वर्षी काहीही न बदलता, केवळ योगायोगाने, हा आकडा बावीस किंवा अडतीस होऊ शकतो. त्यावरून एका अधिकाऱ्याचा सत्कार आणि दुसऱ्याला नोटीस हे दोन्ही चूक. म्हणूनच भारतात माता मृत्यूचं प्रमाण तीन-तीन वर्षांचे आकडे एकत्र करून देतात.

सरासरी आयुर्मानाबद्दलही असाच गैरसमज असतो. अमेरिकेत २०१९ साली ते ७८.८ वर्षं होतं, २०२० मध्ये ७७ वर आलं. याचा अर्थ त्या वर्षी जन्मलेली मुलं कमी जगणार असा होत नाही. त्या एका वर्षाचे मृत्युदर जन्मभर तसेच राहिले तर काय होईल, एवढंच हा आकडा सांगतो.

जो जिवंत आहे पण त्रासात आहे

कंबरदुखीने माणूस मरत नाही, पण कामावरून घरी बसतो. मृत्यूच्या पट्टीवर तो दिसतच नाही. ही उणीव भरायला १९९३ च्या जागतिक बँकेच्या अहवालातून ‘डॅली’ हे एकक पुढे आलं: अकाली मृत्यूने गेलेली वर्षं अधिक आजारात काढलेली वर्षं. भारतात राज्यवार हिशेब झाला तेव्हा दिसलं, की १९९० मध्ये एकूण आजारभारातला ६१ टक्के वाटा संसर्गजन्य रोग, बाळंतपण आणि कुपोषणाचा होता. २०१६ मध्ये तो ३३ वर आला आणि असंसर्गजन्य आजारांचा ५५ झाला. पाच वर्षांचं धोरण ठरवायला ही पट्टी उत्तम आहे. पण मूळ नोंदी जिथे कच्च्या असतात तिथे तिचे आकडे बरेचसे गणिती प्रारूपातून येतात. यंदाच्या मोहिमेने यंदा काय साधलं हे विचारायला ती वापरू नका.

घरोघरचं सर्वेक्षण की दवाखान्याचा अहवाल

या दोघांत निवड करायची असेल तर प्रश्न सोपा आहे: तुम्हाला सगळे लोक पाहायचेत की फक्त दारात आलेले?

एका आढावा बैठकीत मी लसीकरणाचा आकडा ११२ टक्के पाहिला आहे. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. शेजारच्या भागातली मुलं तिथे येऊन लस घेत होती आणि एकूण मुलं किती हा भाजक जुन्या जनगणनेवरून ओढूनताणून काढलेला होता. दवाखान्याचे अहवाल दरमहा येतात, स्वस्त पडतात. औषधसाठा आणि मनुष्यबळ यासाठी त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही. पण जो कधी आलाच नाही त्याचं नाव त्यांत नसतं, आणि बहुतेक वेळा गरज सर्वांत जास्त त्यालाच असते.

सर्वेक्षण त्याच्या घरी जातं. भारतात १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं आणि २०१५-१६ च्या फेरीपासून त्यातून जिल्हावार आकडे मिळू लागले. त्यातलं एक काम जवळून पाहण्यासारखं आहे: बाळाची लांबी मोजणं. दोन वर्षांखालच्या बाळाला फळीवर आडवं झोपवतात. एकजण डोकं वरच्या टोकाला टेकवून धरतो, दुसरा गुडघे हलकेच दाबून तळव्याला सरकती पट्टी लावतो. बाळ रडतं, पाय आखडतं. घाईत एक सेंटिमीटर कमी भरला, तर जे मूल प्रत्यक्षात ठीक आहे ते कागदावर खुजं होऊ शकतं. अशा हजारो मापांतून राज्याच्या कुपोषणाची टक्केवारी ठरते. म्हणून सर्वेक्षणाचा खर्च आखताना पथकांचं प्रशिक्षण आणि फेरतपासणी यांत कात्री लावू नका. नमुना थोडा लहान झाला तरी चालेल.

सर्वेक्षणाची उणीव म्हणजे ते काही वर्षांतून एकदा येतं, आणि जिल्ह्याच्या पातळीवर दोन-तीन टक्क्यांचा चढउतार त्याला खात्रीने ओळखता येत नाही.

लोकांनाच विचारलं तर

ब्रिटनमध्ये २०११ पासून सांख्यिकी कार्यालय चार प्रश्न विचारतं: आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, जे करता ते मोलाचं वाटतं का, काल आनंदात होता का, काल किती चिंतेत होता. उत्तर शून्य ते दहा. भूतानची पट्टी याहून खूप विस्तृत आहे: नऊ क्षेत्रं, तेहतीस निर्देशक, त्यांत झोप आणि वेळेचा वापरसुद्धा. मला हे प्रश्न मनापासून महत्त्वाचे वाटतात. एकटेपणा, काळजी, निरर्थक वाटणं हे दुसऱ्या कुठल्याच पट्टीत सापडत नाही.

मात्र एकट्या या प्रश्नांवर विसंबू नका, आणि त्याचं कारण अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये नेमकं दाखवून दिलं. केरळमध्ये तेव्हा आयुर्मान भारतात सर्वांत जास्त, आणि ‘मी आजारी आहे’ असं सांगणाऱ्यांचं प्रमाणही सर्वांत जास्त. बिहारमध्ये आयुर्मान कमी, आणि आजार सांगणारेही कमी. शिकलेला, दवाखाना जवळ असलेला माणूस आपला आजार ओळखतो आणि बोलून दाखवतो. ज्याने लहानपणापासून सगळ्यांना थकलेलंच पाहिलं, त्याला थकवा हा आजार वाटतच नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: एकाच समाजात, सारख्या वयाच्या माणसांत, ‘माझी तब्येत कशी आहे’ याचं उत्तर पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूचा बऱ्यापैकी अंदाज देतं, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. म्हणून हे प्रश्न एकाच जागी, वर्षानुवर्षं, त्याच शब्दांत विचारा. दोन वेगळ्या भागांची तुलना त्यांवरून करू नका.

एकच आकडा हवा असेल तर

मंत्र्यांना आणि वर्तमानपत्रांना एकच आकडा आवडतो. पण तो पोटात काय लपवतो हे पाहा. नीती आयोगाच्या आरोग्य निर्देशांकाच्या चौथ्या फेरीत, मोठ्या राज्यांमध्ये उत्तर प्रदेश एकूण कामगिरीत शेवटचा होता आणि वर्षभरातल्या सुधारणेत पहिला. दोन्ही विधानं खरी. आता शाबासकी द्यायची की जाब विचारायचा? आज कुठे आहोत आणि किती वेगाने पुढे जातोय हे दोन प्रश्न वेगळे आहेत, त्यांची बेरीज करू नये. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संस्थेने २०१० पासून प्रत्येक राज्यातल्या काउंट्यांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांसारख्या भागांची, क्रमवारी लावली. त्यात आरोग्यावर प्रभाव टाकणाऱ्या घटकांमध्ये दवाखान्यातल्या उपचारांना २० टक्के वजन होतं, तर शिक्षण, रोजगार, उत्पन्न यांसारख्या सामाजिक-आर्थिक गोष्टींना ४०. आरोग्य फक्त आरोग्य खात्याच्या हातात नसतं हे त्यातून लोकांपर्यंत पोचलं, तो निर्देशांकाचा चांगला उपयोग. २०२४ मध्ये त्यांनी क्रमांक देणंच बंद केलं आणि जवळपास सारख्या काउंट्या गटांत मांडल्या. मला तो निर्णय पटतो.

मग तुमच्यासाठी कोणतं?

ज्या राज्यात मृत्यूंची नोंदच अपुरी आहे, तिथे पुढची तीन वर्षं दुसरं काही सुरू करू नका. निवडक भागांत दोन याद्यांची पद्धत आणि व्हर्बल ऑटोप्सी एवढंच करा. नोंद पूर्ण आहे पण कारणं गोलमाल आहेत, तर दाखल्यांवर काम करा आणि पाच वर्षांतून एकदा चांगलं सर्वेक्षण. दोन्ही ठीक असेल तर समाधानाचे चार प्रश्न त्याच सर्वेक्षणात घाला, वेगळी यंत्रणा उभारू नका. आणि कुठलाही आकडा छापताना राज्याच्या सरासरीसोबत सर्वांत गरीब आणि सर्वांत सधन पाचव्या हिश्शाचे आकडे शेजारी छापाच. सरासरी सुधारत असताना ही दरी रुंदावू शकते.

सुधारणेच्या बाजूला निवड दोन वाटांमध्ये असते: जास्त धोका असलेली माणसं शोधून त्यांना उपचार द्यायचे, की सगळ्यांचाच धोका थोडा-थोडा खाली आणायचा. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये दाखवलं, की बहुतेक आजारी माणसं ‘मध्यम’ धोक्याच्या मोठ्या गर्दीतून येतात, कारण ती गर्दीच खूप मोठी असते. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांताने दुसरी वाट धरली. हृदयविकाराने तिथले कमावत्या वयातले पुरुष भराभर जात होते. १९७१ मध्ये तिथल्या लोकांनीच सरकारकडे मदत मागितली. १९७२ मध्ये काम सुरू झालं: तंबाखू, रक्तदाब, आहारातली चरबी, आणि त्यासाठी महिला संघटना, शाळा, दूध संघ सगळे सोबत. पुढच्या चार दशकांत त्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले.

मोजणीच्या अंगाने या प्रकल्पाची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. काम सुरू करण्याआधी त्यांनी पहिलं सर्वेक्षण केलं, आणि ते स्वतःच्या प्रांतात तसंच शेजारच्या कुओपियो प्रांतातही. पुढे कुओपियोतही मृत्यू घटले, कारण चांगली सवय हद्दीवर थांबत नाही, आणि तुलना करणं अवघड झालं. पण तुलना करायला काहीतरी हातात होतं, कारण सुरुवातीचं मोजमाप वेळेवर झालं होतं. तुमच्या योजनेचं उद्घाटन ठरलं असेल आणि आधीचं मोजमाप झालं नसेल, तर उद्घाटन सहा महिने पुढे ढकला.