अहवाल खरा, माल दुसराच

खारट पाण्याच्या पाइपलाइनसाठी आम्ही ३१६ एल प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे पाइप मागवले होते. या प्रतीत १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. क्लोराइडमुळे धातूला पडणारे बारीक खड्डे रोखण्यात मॉलिब्डेनमचा वाटा मोठा असतो आणि जादा किंमत मोजायची ती मुख्यतः त्यासाठीच. मालासोबत आलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालात सगळे आकडे मर्यादेत होते. चौकशी केली तेव्हा अहवाल आपलाच असल्याचे प्रयोगशाळेनेही सांगितले. माल उतरवताना पुरवठादाराने पाइपला लोहचुंबक लावून तो चिकटत नसल्याचे दाखवले होते.

पाइपलाइन सुरू झाल्यावर थोड्याच काळात वेल्डच्या कडेने तांबूस डाग उमटले आणि ते पुसल्यावर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. क्ष-किरणांनी धातूतील घटक मोजणाऱ्या, हातात धरून वापरायच्या एक्सआरएफ यंत्राने पाइप तपासले, तेव्हा मॉलिब्डेनम जवळजवळ नव्हतेच, निकेल ५ टक्क्यांच्या आत होते आणि मँगॅनीज ८ टक्क्यांच्या वर गेले होते. हा २०२ प्रतीचा माल होता, ज्यात महागड्या निकेलची जागा बऱ्याच अंशी मँगॅनीज आणि नायट्रोजन घेतात. तोही सहसा चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाच्या त्या प्रयोगाने काहीच सिद्ध होत नव्हते. पाइपवर शाईने छापलेला हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या घाण्यात वितळवले त्याचा क्रमांक, सॉल्व्हंटच्या बोळ्याने पुसून निघाला आणि त्याखाली आधीचा छाप घासून काढल्याच्या आडव्या रेघा दिसल्या.

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की, निष्कर्ष ग्राहकाने दिलेल्या नमुन्यापुरतेच लागू आहेत. तो ग्राहक म्हणजे खुद्द पुरवठादार होता आणि हीट नंबरही त्याने सांगितला तसाच उतरवून घेतलेला होता. अस्सल ३१६ एलचा एक तुकडा तपासून घ्यायचा आणि तो अहवाल हलक्या लॉटला जोडायचा, अशी ही युक्ती आहे. बनावट कागदापेक्षा मला ही अधिक घातक वाटते, कारण प्रयोगशाळेने आपले काम चोख केलेले असते आणि कागदाची कितीही पडताळणी केली तरी त्यात खोट सापडत नाही.

म्हणून नमुना आलेल्या मालातूनच, आपल्या माणसाने, प्रत्येक हीट नंबरमधून वेगळा कापावा, त्यावर पंचाने खूण करून दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी तो सीलबंद करावा आणि प्रयोगशाळेत आपण स्वतः पोहोचवावा. उरलेला प्रत्येक पाइप, पृष्ठभाग स्वच्छ करून, एक्सआरएफने तपासता येतो. मात्र हे यंत्र कार्बन मोजू शकत नाही आणि ‘एल’ प्रतीची ओळखच ०.०३ टक्क्यांपर्यंतच्या कार्बनवर ठरते, तेव्हा कापलेल्या नमुन्याची, ठिणगीच्या प्रकाशावरून कार्बनही मोजणाऱ्या स्पार्क स्पेक्ट्रोमीटरवर चाचणी करून घ्यावीच लागते. या चाचण्यांचा निकाल हाती येईपर्यंत रक्कम रोखून धरण्याची अट खरेदी आदेशातच लिहून ठेवावी. माल एकदा कापून वेल्ड झाला की, तो आपलाच नव्हे असे म्हणायला पुरवठादाराला वाव मिळतो आणि आमच्या पुरवठादाराने नेमके तेच म्हटले.