कनेक्शन लीक शोधायचाय: पूलचा इशारा, जबरदस्तीची वसुली की डेटाबेसची साक्ष?

सर्व्हर दोन-चार दिवस नीट चालतो. मग अचानक प्रत्येक रिक्वेस्ट तीस सेकंद लटकते आणि लॉगमध्ये एकच ओळ येत राहते: कनेक्शन उपलब्ध नाही, वेळ संपली. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, आणि पुन्हा काही दिवसांनी तेच. डेटाबेसची कनेक्शन्स पूल नावाच्या सामायिक साठ्यात तयार ठेवलेली असतात; कोणीतरी त्यातून घेतलेलं कनेक्शन परत करत नाहीये, म्हणजे ते लीक होतंय, एवढं दिसतं. पण एकाच वेळी चालणाऱ्या शेकडो थ्रेड्सच्या गर्दीत तो कोडचा तुकडा सापडायचा कसा? जावाच्या जगात यासाठी तीन रस्ते आहेत, आणि तिन्ही एकाच कामाचे समजून कुठलाही एक निवडला तर फसगत होते.

त्याआधी हा लीकच आहे का, ते बघा. पूलमधल्या वापरात असलेल्या कनेक्शन्सचा आलेख काढा. ट्रॅफिक ओसरल्यावर आकडा खाली येत असेल तर क्वेरी संथ आहेत किंवा पूल लहान आहे. ट्रॅफिक नसतानाही आकडा तिथेच अडून बसला आणि दिवसागणिक पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेला, तर लीक.

पहिला रस्ता: हिकारीचं लीक डिटेक्शन

हिकारीसीपी (थोडक्यात हिकारी) या जावाच्या कनेक्शन पूल लायब्ररीत लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड नावाची सेटिंग आहे. डीफॉल्ट 0, म्हणजे बंद. किमान किंमत 2000 मिलिसेकंद. चालू केली की कनेक्शन घेताक्षणीच पूल त्या थ्रेडचा स्टॅक ट्रेस, म्हणजे कुठल्या मेथडमधून कुठली मेथड बोलावली गेली त्याची यादी, धरून ठेवतो. ठरलेल्या वेळेत कनेक्शन परत आलं नाही तर थ्रेडच्या नावासकट तो लॉगमध्ये छापतो.

माझ्या मते या रस्त्याचं सगळं मोल इथेच आहे. पूल रिकामा झाल्यावर एरर ज्याच्या नशिबी येते तो थ्रेड बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्याचा स्टॅक ट्रेस वाचत बसणं म्हणजे ज्याच्या घरी चोरी झाली त्याचीच झडती घेणं. लीक डिटेक्शन मात्र कनेक्शन नेणाऱ्याचा पत्ता देतं.

थ्रेशोल्ड ठरवताना तुमचं सर्वांत लांब चालणारं रास्त काम किती वेळ घेतं ते बघा आणि त्याच्या थोडं वर ठेवा. तरी एखादा मोठा रिपोर्ट इशाऱ्यात सापडेलच. त्यावर उपाय आहे: असं कनेक्शन उशिरा का होईना परत आलं, तर हिकारी ‘आधी लीक म्हणून नोंदवलेलं कनेक्शन परत आलं’ असा दुसरा संदेश लिहितो. जोडी लागलेले इशारे बाजूला काढा. जो एकटा उरतो तो तुमचा लीक. फक्त इशारा वॉर्न पातळीवर येतो आणि हा दुसरा संदेश इन्फो पातळीवर. प्रॉडक्शनमध्ये लॉग वॉर्नवर ठेवला असेल तर निम्मी गोष्टच कळणार नाही.

हिकारी लीक झालेलं कनेक्शन स्वतःहून ओढून घेत नाही. कोड दुरुस्त होईपर्यंत पूल रिकामा होतच राहणार.

दुसरा रस्ता: बेवारस कनेक्शन काढून घेणं

टॉमकॅटचा जेडीबीसी पूल आणि अपाचे डीबीसीपी हे दोन दुसरे कनेक्शन पूल ती वसुली करतात. रिमूव्ह अबँडन्ड चालू केलं की वेळ उलटलेलं कनेक्शन पूल बंद करून टाकतो. डीफॉल्ट मुदत टॉमकॅटमध्ये 60 सेकंद, डीबीसीपी 2 मध्ये 300 सेकंद. रात्री सर्व्हर पडत असेल तर याने तो उभा राहतो.

पण धोका खरा आहे. ज्याला बेवारस ठरवलं तो थ्रेड कदाचित अजून काम करतोय. त्याच्या हातातलं कनेक्शन दुसऱ्याच थ्रेडने बंद केलं की अर्धवट ट्रान्झॅक्शन सोडून तो एररवर आदळतो, आणि आता एकाऐवजी दोन दोष शोधायचे होतात. टॉमकॅट वापरत असाल तर आधी सस्पेक्ट टाइमआउट आणि लॉग अबँडन्ड हे दोन लावा: नुसता इशारा मिळतो, कनेक्शन तुटत नाही. वसुली चालू करायचीच असेल तर रिसेट अबँडन्ड टायमर हा इंटरसेप्टरही (कनेक्शनवरच्या प्रत्येक कॉलच्या मधे बसणारा तुकडा) सोबत घ्या. त्यामुळे कनेक्शनवर काम होत राहिलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. एकच लांबलचक क्वेरी मात्र त्यानेही वाचत नाही.

तिसरा रस्ता: डेटाबेसलाच विचारणं

चालू कनेक्शन्सची यादी पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी देतो, मायएसक्यूएलमध्ये शो प्रोसेसलिस्ट. अ‍ॅप्लिकेशनला हात न लावता आत्ताचं चित्र दिसतं, आणि पोस्टग्रेस शेवटची क्वेरीही दाखवतो. ती क्वेरी कोडमध्ये शोधली की बऱ्याचदा काम होतं.

अडचण अशी की ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप कमिट होणं) चालू असेल तर लीक झालेलं कनेक्शन आणि पूलमध्ये शांत बसलेलं कनेक्शन, दोन्ही ‘आयडल’ दिसतात. ओळखायची एक खूण आहे. हिकारी डीफॉल्टने 30 मिनिटांनी कनेक्शन निवृत्त करतो, पण वापरात असलेल्याला हात लावत नाही. त्यामुळे आयडल असूनही ज्याचा जन्म काही तासांपूर्वीचा आहे, त्याच्यावर संशय घ्या. ऑटोकमिट बंद असेल तर सोपं: ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसतं. अशा सेशन्ससाठी पोस्टग्रेस 9.6 पासून वेगळा टाइमआउटही आहे. मायएसक्यूएलचा निष्क्रिय कनेक्शन तोडणारा वेट टाइमआउट डीफॉल्टने 28800 सेकंदांचा, म्हणजे आठ तासांचा. त्याच्या भरवशावर राहू नका.

मग निवडायचं काय?

हिकारी असेल तर लीक डिटेक्शन आजच चालू करा. दर कनेक्शनमागे एक स्टॅक ट्रेस धरण्याचा खर्च बहुतेक सर्व्हरना जाणवत नाही. कोड तुमच्या ताब्यात नसेल किंवा नवा बिल्ड टाकता येत नसेल, तर डेटाबेसपासून सुरुवात. जबरदस्तीची वसुली फक्त दुरुस्ती होईपर्यंत, आणि लॉगिंगसकटच. नुसती वसुली लावली तर आलेख सपाट दिसतो आणि लीक कायमचा मुरतो.

थ्रेड डंपला (सगळे थ्रेड या क्षणी काय करताहेत त्याच्या नोंदीला) मी या तुलनेत धरलं नाही, कारण तो वाट बघणारे दाखवतो, कनेक्शन नेणारे नाही. एक अपवाद आहे: एक कनेक्शन धरून बसलेला थ्रेड दुसरं मागत असेल आणि सगळेच तसं करत असतील, तर दहाचा पूल एका झटक्यात गोठतो. हा लीक नव्हे, आणि इथे डंपइतकं लवकर उत्तर दुसरं काही देत नाही.

स्टॅक ट्रेसने बोट दाखवलेल्या मेथडमध्ये बहुधा दोहोंपैकी एक सापडतं: मधेच रिटर्न होणारी वाट, किंवा असा फायनली ब्लॉक जिथे रिझल्टसेट बंद करतानाच एक्सेप्शन उडतं आणि खालची कनेक्शन बंद करणारी ओळ चालतच नाही. जावा 7 पासूनच्या ट्राय विथ रिसोर्सेसने, म्हणजे ब्लॉक संपताच कनेक्शन आपोआप बंद करणाऱ्या रचनेने, दोन्ही मिटतात. थ्रेड लोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या खासगी जागेत) ठेवलेलं कनेक्शन मात्र त्याने सुटत नाही. सर्व्हरच्या थ्रेड पूलमधले थ्रेड मरत नाहीत, त्यामुळे तेही त्यांच्यासोबत जिवंत राहतं. रिक्वेस्ट संपताना ते बंद करून थ्रेड लोकल रिकामा करावाच लागतो.

दुरुस्ती पडताळायला टेस्टमध्ये पूलचा आकार 2 करा, कनेक्शन टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर आणा, आणि त्या मेथडच्या एररच्या वाटेवरून तीनदा जा. लीक उरला असेल तर तिसऱ्या वेळी कनेक्शन मिळणार नाही.