पेजवर काउंटर टाकायचाय? तयार घ्यावा, स्वतः लिहावा, का ॲनालिटिक्स लावावं

काउंटर म्हणजे वेबपेज किती वेळा उघडलं ते मोजणारा आकडा. तो निवडण्याआधी एकच गोष्ट ठरवा, तो आकडा पेजवर येणाऱ्यांना दिसायला हवाय की फक्त तुम्हाला कळला तरी पुरे आहे. निम्मे पर्याय इथेच गळून पडतात. दिसायला हवा असेल तर गूगल ॲनालिटिक्स (भेटींचे रिपोर्ट देणारी गूगलची सेवा) बादच, कारण ते पेजवर आकडा दाखवत नाही, आणि फक्त स्वतःला कळायला हवा असेल तर पेजला हातसुद्धा लावायची गरज नसते, होस्टिंगच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीच्या नोंदीत, सगळं आधीच लिहिलेलं असतं. सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं पॅनल) असलेल्या होस्टिंगला बऱ्याचदा लॉगमधून रिपोर्ट बनवणारं एडब्ल्यूस्टॅट्स लावूनच दिलेलं असतं, आणि सर्व्हर स्वतःचा असेल तर गोॲक्सेस टाकून लॉग फाइल दिली की छान रिपोर्ट बनतो. फक्त तिथला मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका. एका पेजवर दहा फोटो असतील तर एक माणूस आला तरी लॉगमध्ये अकरा ओळी पडतात, वरून सीएसएस आणि फॉन्टच्या वेगळ्या, वरून बॉट, म्हणजे आपोआप पेजेस उघडत फिरणारे प्रोग्रॅम.

आता दिसणारा काउंटर. सगळ्यात सोपा म्हणजे तयार मिळणारा, खातं उघडा, आकड्यांची स्टाइल निवडा, कोड कॉपी करून फुटरमध्ये चिकटवा, झालं. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी जिथे आपला सर्व्हर कोड चालतच नाही तिथे पण हा चालतो. पण कोड चिकटवायच्या आधी तो नीट वाचा, की त्यात नुसता इमेजचा टॅग आहे का स्क्रिप्टचा. इमेज असेल तर त्यांच्याकडून फक्त एक चित्र येतं, तुमच्या पेजशी ते चित्र काही करू शकत नाही (वाचकाचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, त्यांना दिसतो, तेवढं आहेच). स्क्रिप्ट असेल तर ती तुमच्या पेजवर पूर्ण हक्काने चालते, जाहिरात घुसवेल, वाचकाला दुसरीकडे नेईल, काहीही. ही नुसती भीती नाही, 2024 मध्ये पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि ज्या एक लाखाहून जास्त साइट्सनी तिथली स्क्रिप्ट लावलेली होती त्यांच्या वाचकांपर्यंत घातक कोड पोचला, साइटवाल्यांनी स्वतः एक ओळ पण बदललेली नव्हती. तो काउंटर नव्हता, पण धोका तोच. म्हणून माझं स्पष्ट मत, तयार काउंटर घ्यायचाच तर इमेजवालाच घ्या.

दुसरं म्हणजे टिकाऊपणा. काउंटएपीआय ही फुकट सेवा कितीतरी जणांनी लावली होती, ती बंद पडली आणि सगळ्यांचे आकडे तिच्याबरोबर गेले. शिवाय 2020 पासून क्रोम दुसऱ्या साइटला पेजचा पूर्ण पत्ता पाठवत नाही, फक्त डोमेन पाठवतो, त्यामुळे जे जुन्या पद्धतीचे काउंटर रेफररवरून (मागणी कुठल्या पेजवरून आली ते सांगणाऱ्या पत्त्यावरून) पेज ओळखायचे ते तुमची सगळी पेजेस एकाच आकड्यात मिसळतात. इमेजच्या पत्त्यातच पेजचं नाव देता येतं का ते आधी बघा.

पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) चालणारं होस्टिंग असेल तर मी तरी स्वतःचाच लिहा म्हणेन. काम छोटं आहे आणि आकडा कायम आपल्या ताब्यात राहतो. पण इंटरनेटवरच्या ट्युटोरियल्समध्ये सर्रास जो कोड दिसतो, की टेक्स्ट फाइलमधला आकडा वाचा, एक मिळवा, परत लिहा, तो जशाच्या तसा उचलू नका. समजा फाइलमध्ये 412 आहे आणि दोन जण एकाच क्षणी आले, दोघांच्या रिक्वेस्टनी 412 वाचलं, दोघांनी 413 लिहिलं, म्हणजे एक भेट गेली. हे चालून जाईल एकवेळ. खरी वाट लागते ती फाइल डब्ल्यू मोडमध्ये उघडल्यावर, कारण त्या मोडमध्ये फाइल उघडता क्षणीच रिकामी होते, आणि नेमक्या त्या वेळी दुसरी रिक्वेस्ट वाचायला आली तर तिला रिकामी फाइल मिळते, ती त्याला शून्य समजते आणि 1 लिहून मोकळी होते. महिनोन्महिने जमलेला आकडा एकावर. लोक मग होस्टिंगला दोष देत बसतात. उपाय असा की फाइल सी प्लस मोडमध्ये उघडायची (यात ती उघडताना रिकामी होत नाही), फ्लॉक या फंक्शनने पूर्ण लॉक घ्यायचा म्हणजे दुसरी रिक्वेस्ट तोवर थांबते, मगच वाचायचं आणि मगच जुनं पुसून नवं लिहायचं. त्याहून सरळ म्हणजे एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस, तिथे आकडा वाढवायचं काम एका अपडेटच्या ओळीत होतं आणि लॉकिंगचं तो स्वतः बघतो. डेटाबेसची फाइल मात्र पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेवा, नाहीतर कोणीही डाउनलोड करेल.

स्वतःच्या काउंटरला दुसरा त्रास बॉटचा. पेज बनतानाच आकडा वाढवला तर प्रत्येक क्रॉलर मोजला जातो. तेच मोजणं पेजमधल्या एका छोट्या रिक्वेस्टवर टाकलं, म्हणजे पेज उघडल्यावर जावास्क्रिप्टने आपल्याच सर्व्हरला हाक मारायची, तर बरेचसे बॉट आपोआप गळतात, कारण ते जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. ज्यांनी जावास्क्रिप्ट बंद ठेवलंय किंवा ब्लॉकर लावलाय ते मोजले जाणार नाहीत, तर नको मोजायला, त्यांच्या मनाविरुद्ध पळवाटा काढण्यात मला अजिबात रस नाही. आणि त्या रिक्वेस्टच्या उत्तराला नो-स्टोअरचा हेडर (हे साठवून ठेवू नको अशी ब्राउजरला सूचना) द्यायला विसरू नका, नाहीतर कॅशमधला जुनाच आकडा दिसत राहतो.

रिफ्रेश मोजायचा का? न मोजायचा तर माणूस ओळखायला लागतो, म्हणजे कुकी (ब्राउजरमध्ये ठेवलेली छोटी खूण), आणि युरोपातले वाचक असतील तर कुकीबरोबर संमतीची पट्टी आली. नुसत्या आयपीवर जाल तर मोबाइल नेटवर्कवर कितीतरी जण एकाच आयपीमागून येतात. प्लॉझिबल या ॲनालिटिक्स सेवेची पद्धत बरी आहे, आयपी आणि ब्राउजरची माहिती रोज बदलणाऱ्या सॉल्टबरोबर (गुप्त मजकुराबरोबर) हॅश करायची, म्हणजे मूळ माहिती ओळखू येणार नाही असा कोड बनवायचा, दुसऱ्या दिवशी कालच्या माणसाशी जोडताच येत नाही. पण लहानशा पेजला एवढं कशाला, रिफ्रेश मोजा आणि आकड्याखाली 'पेज इतक्या वेळा उघडलं' असं लिहा, 'इतके लोक आले' असं लिहू नका.

साइट स्टॅटिक आहे (नुसत्या तयार फाइली, सर्व्हर कोड नाही) आणि तयार काउंटरवर भरवसा नाही, तर क्लाउडफ्लेअर वर्कर्सवर, म्हणजे त्या कंपनीच्या सर्व्हरवर आपला कोड चालवणाऱ्या सेवेवर, छोटं फंक्शन ठेवता येतं. फक्त आकडा त्यांच्या केव्ही या साठवणीत ठेवू नका. तिथे एकाच कीवर (नोंदीच्या नावावर) सेकंदाला एकच राइट चालतो आणि लिहिलेलं सगळीकडे लगेच दिसत पण नाही, काउंटरला नेमकं तेच नडतं. त्यांचाच डीवन डेटाबेस घ्या, तो मुळात एसक्यूलाइटच आहे.

आणि हे काहीच लिहायचं नसेल तर मधला रस्ता गोटकाउंटर ही भेटी मोजणारी सेवा. ओपन सोर्स आहे, कुकी टाकत नाही, लहान पर्सनल पेजला फुकट आहे, आतमध्ये साधा रिपोर्ट मिळतो आणि सेटिंगमध्ये परवानगी दिली की पेजवर आकडा पण दाखवता येतो. उद्या पटलं नाही तर तोच प्रोग्रॅम स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो. मॅटोमो हे ॲनालिटिक्स पण स्वतः चालवता येतं, पण त्याला पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस दोन्ही लागतं, चार पानांच्या साइटला ते फार जड. गूगल ॲनालिटिक्समध्ये रिपोर्ट भरपूर, पण 1 जुलै 2023 ला त्यांनी जुन्या आवृत्तीत मोजणं बंद केलं, आणि 2024 मध्ये ती पूर्ण बंद झाली तेव्हा ज्यांनी वेळेत डेटा उतरवून घेतला नव्हता त्यांचा जुना हिशोब गेला.

काहीही निवडलंत तरी लावल्यावर एकदा तपासा. प्रायव्हेट विंडोमध्ये पेज उघडा, दोनदा रिफ्रेश करा, मग फोनवरून वायफाय बंद करून उघडा, आणि प्रत्येक वेळी आकडा तुमच्या अपेक्षेप्रमाणे हलतोय का बघा. जुन्या काउंटरवरून येत असाल तर नव्याची सुरुवात शून्याऐवजी जुन्या आकड्यापासून करा, तयार सेवांमध्ये पण बऱ्याचदा सुरुवातीचा आकडा भरायची सोय असते.