युरोप ग्रुप टूर, आमची पहिलीच
मे महिन्यात आई-बाबांना घेऊन युरोपची ग्रुप टूर केली, तिघांचीही पहिलीच परदेशवारी. सगळ्यात भारी स्वित्झर्लंडमधलं बर्फाळ युंगफ्राउयोख! ३४५४ मीटरवर, तेही ट्रेनने, १९१२ पासून ही लाईन चालू आहे आणि आयगर डोंगराच्या पोटातून बोगदा काढलाय, मध्ये आइसमेअर स्टेशनला गाडी थोडा वेळ थांबते तिथे काचेतून हिमनदी दिसते. वर गेल्यावर आईने हातमोजा काढून मूठभर बर्फ घेतला आणि तो वितळेपर्यंत तशीच उभी राहिली, काही बोललीच नाही. माझे पैसे तिथेच वसूल झाले. टूर मॅनेजर गुणी मुलगा, बाबांचा गुडघा बघून रोज बसमध्ये पुढची सीट ठेवायचा. जेवण ठीक. पॅरिसबद्दल मात्र नाराज आहे, लूव्र म्युझियम फक्त बाहेरून, काचेच्या पिरॅमिडसमोर फोटो काढा आणि चला बसमध्ये, हे बुकिंगलाच स्पष्ट सांगायला हवं होतं ना! आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचमतो, ते बघायला आम्ही हट्टाने थांबलो. जाणार असाल तर आयटिनररीत कुठे कुठे 'फोटो स्टॉप' लिहिलंय ते आधी नीट वाचा, आणि आई-बाबांसाठी थर्मल इथूनच घ्या.