सिस्को ४५०७ चॅसिसमधलं दुसरं सुपरवायझर कार्ड, वर्षभर वापरून

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्याचं नेटवर्क बघतो. गेल्या वर्षी कोअरला, म्हणजे सगळं नेटवर्क जिथे येऊन जुळतं तिथे, सिस्कोचं कॅटालिस्ट ४५०७आर प्लस ई चॅसिस (कार्डं बसवायचा मोठा स्विच) घेतलं, सेकंडहॅण्ड, कारण ४५०० सिरीजची विक्री कंपनीने २०२० लाच बंद केली आणि नवीन ९४०० सिरीज शेठच्या बजेटमध्ये बसत नव्हतं. एकूण सात स्लॉट, त्यातले ३ आणि ४ नंबर सुपरवायझरसाठी, म्हणजे अख्खा स्विच चालवणाऱ्या मुख्य कार्डासाठी, दोन्हीत सुप ७-ई टाकलेत.

एका कार्डावर चालतं तर दुसऱ्याला पैसे कशाला, हे शेठनी तीनदा विचारलं. आधीच्या स्विचला एकच कार्ड होतं, ते बसलं की वजनकाटा, बिलिंग, गेटचे कॅमेरे सगळंच बसायचं आणि गेटवर ट्रकची लाईन, ड्रायव्हर येऊन विचारायचे "भो, बिल कधी भेटीन?" ते एकदा शेठनी स्वतः पाहिलं, मग मंजुरी मिळाली.

आता खरी गोष्ट. डीलरने पाठवलेल्या दोन कार्डांत आयओएसचं (सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं) वेगवेगळं व्हर्जन होतं आणि त्याने हे सांगितलंच नाही. दोन्ही कार्डांची स्टेटस लाईट हिरवी, बघणाऱ्याला वाटेल झालं काम. पण शो रिडंडन्सी स्टेट्स कमांड मारली तर पीअर, म्हणजे दुसरं कार्ड, 'स्टँडबाय कोल्ड'. म्हणजे एसएसओ (एक कार्ड गेलं की दुसरं लगेच काम उचलतं ती पद्धत) लागलेलंच नाही, चॅसिस आरपीआर या हळू पद्धतीवर आलंय, पहिलं कार्ड गेलं तर दुसरं लाईनकार्डं (केबलच्या पोर्टांची कार्डं) पुन्हा चालू करत बसणार आणि तेवढा वेळ सगळं बंद. कॉन्फिग आपोआप दुसऱ्या कार्डावर जातं, आयओएसची इमेज (फाईल) जात नाही भो, हे कुणी सांगत नाही. ती स्लेव्हबूटफ्लॅशवर, म्हणजे दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत, हाताने कॉपी केली, बूट व्हेरिएबल आणि कॉन्फिग रजिस्टर (चालू होताना कुठली इमेज घ्यायची ती सेटिंग) तपासलं, मग रिडंडन्सी रीलोड पीअर कमांडने दुसरं कार्ड रीस्टार्ट केलं. लायसन्सची लेव्हलपण दोन्हीकडे सारखी करून घेतली. 'स्टँडबाय हॉट', म्हणजे दुसरं कार्ड लगेच ताबा घ्यायला तयार, असं दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

पुढच्या रविवारी प्रॉडक्शन बंद असताना टेस्ट घेतली. लॅपटॉपवर वजनकाट्याच्या पीसीला पिंग (उत्तर येतंय का बघायला सतत जाणारे छोटे मेसेज) सोडलं, आधी फोर्स-स्विचओव्हर कमांडने आणि मग परत हॉट झाल्यावर चालू कार्डाचे स्क्रू सोडून, दोन्ही खिट्ट्या बाहेर ओढून सरळ कार्डच काढलं. दोन्ही वेळा पिंगचा एक रिप्लाय गेला, बस. कॅमेऱ्याचं चित्र थांबल्यासारखं वाटलं आणि लगेच पुढे सरकलं. शेठ बाजूलाच उभे होते, त्यांनी परत तो प्रश्न विचारला नाही. फक्त कार्ड परत बसवलं की ते हॉट होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका, आठ-दहा मिनिटं धरूनच चला. आणि कन्सोल केबल (लॅपटॉपवरून स्विचला कमांड द्यायची) नवीन ॲक्टिव्ह कार्डात लावायला लागते, जुन्यात लावून एंटर मारत बसाल तर काही होणार नाही.

एक गोष्ट खरेदीआधी माहीत पाहिजे. सुप ७-ईला पुढे चार टेन-जी (१० गिगाबिट) पोर्ट आहेत पण दोन कार्डं टाकली की प्रत्येकावरचे पहिले दोनच चालतात. म्हणजे अपलिंक एकूण चारच, आठ नाही. आम्ही प्रत्येक बिल्डिंगची एक फायबर या कार्डात आणि एक त्या कार्डात अशी लावली, स्टँडबायचे पोर्टपण चालू असतात म्हणून हे जमतं.

आणि दोन कार्डं म्हणजे सगळं डबल झालं असं धरू नका. फॅन ट्रे एकच आहे. पॉवर सप्लाय दोन आहेत पण दोन्ही एकाच यूपीएसवर लावले तर उपयोग काय, आम्ही वेगळ्या लाईनवर घेतले. सगळ्यात मोठा शत्रू आपला मे महिना. चॅसिसला खोलीचं तापमान ४० डिग्रीपर्यंतच चालतं, आपल्याकडे बाहेरच ४५ आणि वर पत्र्याचं शेड. एसी गेला तर दोन्ही कार्डं एकदमच तापणार, तिथे एसएसओ काय करेल. म्हणून खोलीत आलटून पालटून चालणारे दोन एसी बसवून घेतले आणि टेम्परेचरचा अलार्म माझ्या मोबाईलवर घेतला.

वर्ष झालं, गेटवर बिलासाठी लाईन लागलेली नाही. सेकंडहॅण्ड घेत असाल तर डीलरकडून दोन्ही कार्डं चालू असताना 'स्टँडबाय हॉट' दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो मागा, मगच पैसे द्या. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या बंद पडणाऱ्या पोर्टांसाठी कापला.